नकाशासोबत गावांच्या कहाण्या टिपणारे कॉलिन मॅकेन्झी

श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतानाचा अंत झाला आणि १७९९ मध्ये म्हैसूरच्या मुलखाचे सर्वेक्षण ईस्ट इंडिया कंपनीने कॉलिन मॅकेन्झी या लष्करी अभियंत्याकडे सोपवले. सीमा कोठे, घाट कोणते, तोफा कोणत्या वाटेने नेता येतील, एवढे समजले असते तरी कंपनीची गरज भागली असती. मॅकेन्झी यांनी मात्र गावाचा तलाव नकाशावर मांडताना तो कोणी खोदवला, हेही विचारले.

त्यांचा जन्म १७५४ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील स्टॉर्नोवे येथे झाला. तेथील जकात खात्यातील नोकरी सोडून १७८३ मध्ये ते मद्रासला आले, ते मायदेशी कधीच परतले नाहीत. हैदराबादच्या निजामाच्या मुलखात फिरत असताना त्यांना सर्वेक्षणाचा अनुभव मिळाला. देशी भाषा मात्र त्यांना अखेरपर्यंत अवगत झाल्या नाहीत, आणि ही उणीव ते स्वतः मान्य करीत. ती भरून काढली कावली वेंकट बोरय्या या तरुण तेलुगू पंडिताने. जुन्या कन्नड लिपीतील शिलालेख वाचण्याची हातोटी बोरय्यांनी साधली. १८०३ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले आणि हे काम त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांच्याकडे आले.

सुमारे दहा वर्षांत जवळपास चाळीस हजार चौरस मैलांचा प्रदेश मोजला गेला. मोजणीदार टेकड्यांवरून कोन घेत असताना पंडित गावच्या शानभोगाकडे किंवा करणमाकडे, म्हणजे महाराष्ट्रातील कुलकर्ण्याकडे, बसून दप्तरे पाहत. गाव कोणी वसवले, देवळाला इनाम कोणी दिले, पाळेगाराच्या घराण्यात कोणामागून कोण आले, हे उतरवून घेतले जाई. त्यातूनच गावोगावच्या कैफियती साकारल्या.

लोक सहजासहजी बोलत नसत. मोजणी म्हणजे सारावाढ, ही भीती निराधार नव्हती. कित्येकांनी आपली वंशावळ पुढे केली ती इनाम शाबूत राहावे म्हणून, त्यामुळे कैफियतीतील प्रत्येक पराक्रम खरा मानण्याचे कारण नाही. तरीही राजदरबारच्या बखरीत ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशा घराण्यांची नावे येथे सापडतात.

जमिनीवरून काय पुसले जाऊ शकते, हे कृष्णाकाठच्या अमरावतीत दिसले. तेथील टेकाडातील कोरीव शिळा नव्या बांधकामासाठी उपसल्या जात होत्या. १८१६ मध्ये मॅकेन्झी आपल्या चमूसह पुन्हा तेथे गेले आणि स्तूपाचा आराखडा व शिल्पांची चित्रे तयार करवून घेतली. पुढे टेकाड खणले गेले, शिळा विखुरल्या, काही नाहीशा झाल्या. त्यांचे मूळ रूप जाणण्यासाठी अभ्यासक आजही त्या रेखाटनांकडे वळतात.

१८१५ मध्ये मॅकेन्झी भारताचे पहिले सर्व्हेयर जनरल झाले. थॉमस हिकी यांनी १८१६ मध्ये काढलेल्या त्यांच्या चित्रात दुर्बीण धरलेला शिपाई आणि दोन पंडित त्यांच्यासोबत आहेत. साहेबाच्या चित्रात सहकाऱ्यांना असे स्थान मिळणे त्या काळी सर्रास घडत नव्हते. ८ मे १८२१ रोजी कलकत्त्याजवळ मॅकेन्झी यांचे निधन झाले. बराचसा संग्रह त्यांनी पदरच्या पैशाने केला होता. तो त्यांच्या पत्नीकडून कंपनीने एक लाख रुपयांना विकत घेतला. १८२८ च्या सूचीत त्यातील शिलालेखांच्या प्रतींचीच संख्या ८,०७६ आहे. तेलुगू, तमिळ, कन्नड यांबरोबर मराठी कागदपत्रेही त्यात आहेत. काम पुढे चालवण्याची लक्ष्मय्यांची इच्छा होती, पण त्यांच्या योग्यतेवर युरोपीय विद्वानांनी शंका घेतली आणि ते काम पाद्री विल्यम टेलर यांच्याकडे गेले. ज्यांनी गावोगाव फिरून संग्रह उभा केला, त्यांच्यावर झालेला हा अन्यायच होता.

संग्रह आता प्रामुख्याने लंडन आणि चेन्नई येथे विभागलेला आहे. काही तेलुगू कैफियती छापूनही निघाल्या आहेत. आपल्या आडनावातील गाव शोधणाऱ्याला त्या काळच्या नकाशावर ते चटकन सापडेलच असे नाही, कारण नावे कानाला जशी ऐकू आली तशी इंग्रजी अक्षरांत उतरली आहेत. अशा वेळी नावामागे न लागता नदीचे वळण, तलाव आणि शेजारची गढी धरून पुढे जावे लागते. जागा निश्चित झाली की त्या गावाची कैफियत उघडायची. तलाव बांधणारा, इनामदार, करणम अशी माणसे तेथे नावानिशी भेटतात. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या किंवा उठून गेलेल्या गावाच्या वारसांना तर मूळ घराचा ठावठिकाणा लावण्यासाठी कधीकधी एवढाच आधार उरलेला असतो.