प्लग आहे, पण लावू नका: हायब्रिड गाड्या, रिकॉल आणि फर्डिनांड पोर्शे

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर पॅसिफिका प्लग-इन हायब्रिडच्या मालकांना कंपनीने कळवलं, की गाडी चार्जिंगला लावू नका आणि घरापासून, इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर उभी करा. २०१७ आणि २०१८ च्या मॉडेलच्या सुमारे १७ हजार गाड्यांचा प्रश्न होता. त्यातल्या १२ गाड्या पेटल्या होत्या, आणि त्याही धावताना नाही, तर बंद करून उभ्या असताना. त्याच्या दोन वर्षं आधी युरोपात फोर्ड कुगाच्या प्लग-इन मालकांनाही चार्जिंग बंद ठेवायला सांगितलं होतं. तिथे सुमारे २० हजार गाड्या होत्या आणि बॅटरीच्या सेल बनताना आत कचरा शिरल्याचं निघालं.

म्हणजे बघा, लोकांनी जास्तीचे पैसे मोजून प्लगवाली गाडी घेतली, आणि आता प्लग सोडून बाकी सगळं वापरा!

तुम्हाला २०१६ चा गॅलक्सी नोट ७ आठवत असेल. फोन पेटायला लागले म्हणून कंपनीने जगभरातून परत मागवले होते. रिकॉल म्हणतात तो हाच. वस्तूत सुरक्षेचा दोष सापडला की कंपनीने ती परत बोलवायची आणि फुकटात दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची. दोन्हीकडे लिथियम-आयन बॅटरीच आहे. सेलच्या आत दोन टोकांमध्ये एक पातळ पडदा असतो, तो फाटला किंवा त्यात काही घुसलं तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. फरक एवढाच, की फोनमध्ये एखादी सेल असते आणि गाडीत त्यांचा अख्खा पॅक. शिवाय शेजारीच पेट्रोलची टाकी.

पेट्रोल इंजिन आणि बॅटरी एकाच गाडीत कोंबायची ही आयडिया मुळात कुणाची, हे शोधायला मी बसलो आणि फर्डिनांड पोर्शेपाशी पोचलो. ज्याचं नाव स्पोर्ट्स कारवर असतं तोच. (९११ मात्र त्याची नाही, ती त्याच्या नातवाने आखली, तेव्हा आजोबा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.) बेल्जियममध्येही त्याच सुमारास असे प्रयोग चालू होते, त्यामुळे 'पहिला' या शब्दावरून मी भांडणार नाही. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की या माणसाच्या हायब्रिडलासुद्धा एकदा कारखान्यात परत बोलावलं गेलं होतं. फक्त ती कार नव्हती.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावचा. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आता चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचं काम करायचे आणि पोराने तोच धंदा पुढे न्यावा अशी त्यांची अपेक्षा. पोराच्या डोक्यात मात्र वीज शिरली होती. दिवसा वडिलांच्या वर्कशॉपमध्ये, संध्याकाळी शेजारच्या शहरात टेक्निकल शाळेत, असं चाललं. अठराव्या वर्षी त्याने व्हिएन्ना गाठलं आणि विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. जमेल तेव्हा तिथल्या तंत्र विद्यापीठाच्या वर्गात, नाव न घालताच, मागे जाऊन बसायचा. इंजिनीअरची रीतसर डिग्री त्याने कधीच घेतली नाही. पुढे १९१७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

व्हिएन्नात लोहनर नावाची घोडागाड्या बनवणारी नामांकित कंपनी होती, राजघराण्याला गाड्या पुरवणारी. लोहनरला विजेच्या गाड्यांत उतरायचं होतं. पोर्शेने त्यांना जी गाडी करून दिली तिच्यात मोटर थेट पुढच्या चाकांच्या तुंब्यात बसवली होती. गिअर नाही, चेन नाही, पट्टा नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी गाजली. आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकात हब मोटर दिसते ना, तिचीच ही पणजी.

पण बॅटरी शिशाची, लीड-ॲसिड. वजन प्रचंड आणि एका चार्जमध्ये अंतर जेमतेम ५० किलोमीटरच्या घरात. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाईकाने चारही चाकांत मोटर असलेली गाडी मागितली, तर तिच्यातली नुसती बॅटरीच १,८०० किलोची झाली. आजच्या दोन छोट्या हॅचबॅक!

यावर पोर्शेने काढलेला तोडगा म्हणजे १९०० सालची 'सेम्पर विवुस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ सदा जिवंत. त्याने बॅटरी लहान केली आणि गाडीवर दोन छोटी पेट्रोल इंजिनं चढवली. ती चाकं फिरवत नव्हती. ती जनरेटर फिरवायची, त्यातून वीज बनायची आणि ती चाकातल्या मोटरला मिळायची. याला आज सिरीज हायब्रिड म्हणतात. आजच्या बहुतेक प्लग-इनमध्ये इंजिन चाकांनाही जोडलेलं असतं आणि बॅटरी भिंतीच्या सॉकेटवरून भरता येते, एवढा फरक. पण मूळ सौदा तोच: बॅटरी पुरत नाही, म्हणून इंजिन सोबत घ्या.

आणि या सौद्याची किंमतही तीच आहे. एका गाडीत दोन गाड्या आल्या, म्हणजे बिघडायच्या जागाही दुप्पट. सेम्पर विवुसमध्ये धूळ आत जायची, इंजिन, जनरेटर आणि बॅटरी यांचं एकमेकांशी जुळवताना नाकी नऊ यायचे, आणि जड मोटरवाल्या चाकांनी त्या काळचे टायर फार टिकत नव्हते. पुढच्याच वर्षी त्याने दोन इंजिनं काढून एकच मोठं डेमलर इंजिन बसवलं आणि 'मिक्स्ट' नावाची सुधारलेली गाडी आणली. ती चांगली चालली, पण इतकी महाग होती की मोजक्याच विकल्या गेल्या. १९०२ मध्ये लष्करी सरावाच्या वेळी आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांडला मिक्स्टमधून पोर्शेने स्वतः फिरवलं. पण लोहनरचे प्रयोगांवर पैसे जात होते आणि परत येत नव्हते. १९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डेमलर कंपनीत गेला.

पुढची पंचवीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यात रेसिंग कार जास्त आणि हायब्रिड कमी. ऑस्ट्रो-डेमलर, मग स्टुटगार्टची डेमलर, मग स्टायर, आणि १९३१ मध्ये स्टुटगार्टात स्वतःचं डिझाइन ऑफिस. एक गोष्ट मात्र सोडता येत नाही. पहिल्या महायुद्धात अवजड तोफा ओढायला त्याने एक रस्त्यावरची आगगाडीच केली होती. पुढच्या वाहनात इंजिन आणि जनरेटर, आणि तिथून केबलने मागच्या प्रत्येक डब्याच्या चाकातल्या मोटरला वीज. कारमध्ये परवडत नसलेलं तंत्र लष्कराला परवडलं.

इथून पुढचा भाग यूट्यूबवरच्या फॅन व्हिडिओंमध्ये सहसा नसतो. १९३४ मध्ये करार होऊन पोर्शेकडे जनतेच्या स्वस्त कारचं, म्हणजे फोक्सवॅगनचं, काम आलं. हिटलरचा तो लाडका इंजिनीअर झाला. १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सदस्यही झाला. मग युद्ध सुरू झालं आणि अवजड रणगाड्याचं डिझाइन मागवलं गेलं. पोर्शेने पुन्हा आपलं जुनं हत्यार काढलं: पेट्रोल इंजिन, जनरेटर, इलेक्ट्रिक मोटर.

तांत्रिकदृष्ट्या विचार वेडगळ नव्हता. साठ टनांच्या गाडीला टिकेल असा गिअरबॉक्स बनवणं महाकठीण; विजेने चालवली तर गिअरबॉक्सच लागत नाही. पण तांबं भरपूर लागायचं, आणि त्याची टंचाई. हवेने थंड होणारी इंजिनं तापायची, बंद पडायची. १९४२ च्या चाचण्यांनंतर लष्कराने दुसऱ्या कंपनीचा, हेन्शेलचा, टायगर रणगाडा निवडला. तोवर पोर्शेच्या रणगाड्याचे सुमारे शंभर सांगाडे तयार होत आले होते. वाया कसे घालवायचे? त्यातल्या ९० च्या आसपास सांगाड्यांवर मोठी तोफ बसवली, इंजिनं बदलली, वीजयंत्रणा तीच ठेवली आणि ते रणगाडाभेदी वाहन म्हणून आघाडीवर पाठवले. नाव ठेवलं 'फर्डिनांड'.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ते उतरले. तोफ जबरदस्त होती, पण तक्रारींची यादीही लांब निघाली. इंजिनांना आगी लागत होत्या. आतून बाहेरचं नीट दिसत नव्हतं. जवळ आलेल्या सैनिकांना रोखायला मशीनगनच नव्हती. सुरुंगाने पट्टा तुटला की ६५ टनांचं धूड ओढून आणणं जवळपास अशक्य. त्या वर्षाअखेरीपासून उरलेल्यांपैकी ४८ गाड्या ऑस्ट्रियातल्या कारखान्यात परत बोलावल्या गेल्या. इंजिनावरच्या जाळ्या बदलल्या, मशीनगन बसवली, कमांडरला बाहेर बघायला वर बुरूज दिला. नंतर नावही बदललं, 'एलेफांट', म्हणजे हत्ती. आजच्या भाषेत हा सरळसरळ रिकॉल आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं. या रिकॉलमध्ये चालकाच्या जिवाची काळजी होती का? थोडी असेल. पण मुख्य काळजी तोफ वाया जाऊ नये ही होती. आणि त्याच काळात पोर्शे ज्या फोक्सवॅगन कारखान्याच्या प्रमुखांपैकी एक होता, तिथे सक्तीने आणलेले हजारो मजूर राबत होते, त्यात छळछावण्यांतले कैदीही होते. त्यांची तक्रार घ्यायला कुणीच नव्हतं. पोर्शे फक्त यंत्रात रमलेला माणूस होता, राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मजूर कुठून येतात हे कारखान्याच्या प्रमुखाला माहीत नसेल, हे शक्य नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. जवळपास वीस महिने तो कैदेत होता, त्यातला बराच काळ दिजाँच्या तुरुंगात. १९४७ मध्ये जामीन भरून सुटला. नोव्हेंबर १९५० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ ला स्टुटगार्टमध्ये तो वारला.

त्याची जनतेची कार, म्हणजे बीटल, तोवर जगभर निघाली होती. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि दोष असलेल्या गाड्यांचं प्रकरण दाबून ठेवणं कंपन्यांना अवघड झालं. १९७२ मध्ये फोक्सवॅगनला तिथल्या सुमारे ३७ लाख जुन्या गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. कारण? वायपर धरून ठेवणारा एक स्क्रू. तो सैल झाला की भर पावसात वायपर बंद. ६५ टनी गाडीला मशीनगन मिळावी म्हणून लढाई व्हावी लागली होती. इथे सामान्य मालकांसाठी एक स्क्रूसुद्धा पुरला.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एका मॉडेलबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, तर चौकशी होऊन रिकॉल लागू शकतो. म्हणजे नुसती रील टाकून उपयोग नाही, तक्रार सरकारी परिवहन पोर्टलवर नोंदवावी लागते. गाडीचा चेसिस नंबर आरसीवर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला, की गाडी रिकॉलमध्ये आहे का ते बऱ्याच कंपन्या लगेच दाखवतात. सेकंडहँड गाडी घेताना तर हे आधी करा, कारण कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं.

परत बोलावलेल्या एलेफांटपैकी एक अमेरिकी सैन्याने इटलीत पकडला, तो अजून अमेरिकेत जपून ठेवला आहे. सेम्पर विवुस मात्र उरली नाही. पोर्शे कंपनीने जुनी रेखाटनं आणि फोटो बघून तिची चालती प्रतिकृती बनवली आणि २०११ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये मांडली.