नीळकंठशास्त्री गोऱ्हे : काशीच्या पंडिताची श्रद्धेची वाटचाल

गंगातीरावरील वाराणसी आणि महाराष्ट्र यांचा संबंध अनेक शतकांचा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे होते, तर अठराव्या शतकात काशी विश्वनाथाच्या मंदिराची पुनर्बांधणी करणाऱ्या अहिल्याबाई होळकर मराठी मुलखातल्या होत्या. घाटांलगतच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ब्राह्मण कुटुंबांनी वेदपठण, व्याकरण आणि न्यायशास्त्र यांची परंपरा जपली. याच परंपरेत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची जवळजवळ अर्धे शतक त्या श्रद्धेसाठी वेचली. ख्रिस्ती समाजात ते रेव्हरंड नेहेम्या गोऱ्हे किंवा फादर गोऱ्हे या नावाने ओळखले जातात. काही ग्रंथांत त्यांचे आडनाव गोरे असेही छापलेले आढळते.

नीळकंठशास्त्री यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 रोजी बुंदेलखंडात, झाशीजवळील काशीपुरा या गावी एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या दरबारी मोठ्या अधिकारावर होते, त्यामुळे घरात सुबत्ता होती. वडील शिवरामपंत हे धार्मिक वृत्तीचे होते आणि त्यांचे वास्तव्य काशीत होते. नीळकंठाचे बालपण आणि शिक्षण तेथेच झाले. इंग्रजी शाळेत न जाता त्यांनी जुन्या पद्धतीने पंडितांच्या चरणी बसून संस्कृत व्याकरण व न्यायशास्त्र यांचे अध्ययन केले. घराण्यात शिवाची उपासना होती, मात्र तरुण वयातच ते विष्णुभक्तीकडे वळले. परंपरेने आले म्हणून एखादे मत न मानता स्वतःच्या बुद्धीने ते पारखून घेण्याचा त्यांचा स्वभाव येथूनच दिसू लागतो.

त्या काळात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे मिशनरी काशीच्या रस्त्यांवर उभे राहून उपदेश करीत असत. त्यांच्याशी वाद घालून त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने तरुण नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. याच सुमारास स्कॉटलंडचे संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाची पंडितवर्गात चर्चा होती. ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता संस्कृत श्लोकांतून मांडणाऱ्या या ग्रंथाला हिंदू पंडितांनी संस्कृतमधूनच उत्तरे दिली. त्यांपैकी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ नीळकंठशास्त्री यांनी 1844-45 च्या सुमारास लिहिला. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते.

हिंदू शास्त्रांचे समर्थन करणाऱ्या या ग्रंथातील आक्षेप त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. जन्मतःच दुःख भोगणाऱ्या अर्भकांचा आणि मुक्या प्राण्यांचा अपराध कोणता, पूर्वजन्मीचे कर्म मानले नाही तर त्यांच्या यातनांचा उलगडा कसा होणार, आणि मर्यादित आयुष्यातील पापासाठी अंतहीन नरकवास देणारा ईश्वर दयाळू कसा म्हणावा, असे त्यांचे प्रश्न होते. वादात विजय मिळवणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. ईश्वराच्या करुणेविषयीची खरी तळमळ त्यामागे होती, आणि पुढे धर्म बदलल्यावरही या प्रश्नांनी त्यांची पाठ सोडली नाही.

खंडन करण्यासाठी हाती घेतलेले बायबल ते वाचत गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. शत्रूवर प्रेम करण्याची, गुप्तपणे दान देण्याची आणि नम्र राहण्याची ती शिकवण त्यांना नाकारता येईना. अनेक महिने ते द्विधा अवस्थेत होते. मुलगा मिशनऱ्यांच्या नादी लागल्याचे कळताच घरात मोठा क्षोभ झाला. कुटुंबाची प्रतिष्ठा, जातीचे नियम आणि आईवडिलांचे प्रेम एका बाजूला आणि पटलेले सत्य दुसऱ्या बाजूला, असा तो पेच होता. काशीत नातलगांचा विरोध तीव्र असल्याने अखेर 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. जेरुसलेमची पडलेली तटबंदी पुन्हा उभारणाऱ्या बायबलमधील नेहेम्याचे नाव त्यांना देण्यात आले.

त्या काळी उच्चवर्णीय तरुणाचे धर्मांतर म्हणजे समाजाच्या दृष्टीने जिवंतपणी झालेला मृत्यूच होता. घर, वारसा आणि पंडित म्हणून मिळणारा मान यांना नेहेम्या गोऱ्हे एकाच दिवशी पारखे झाले. या निर्णयाची किंमत त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आली नाही. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्यासोबत राहिल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, मात्र 1853 साली कन्येला जन्म दिल्यानंतर अल्पावधीतच त्यांचे निधन झाले. एलन लक्ष्मी असे नाव ठेवलेली ही कन्या स्माइल्स नावाच्या एका नीळ मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळायला घेतली. 1857 च्या उठावात त्या कुटुंबाची मालमत्ता गेली. त्यानंतर रेव्हरंड स्टॉर्स यांनी तिचा स्वीकार केला आणि 1865 साली तिला इंग्लंडला नेले. वडील भारतात आणि मुलगी सातासमुद्रापार, अशी अनेक वर्षे गेली.

दरम्यान, 1854 साली नेहेम्या गोऱ्हे यांना इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. शीख राज्याचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांनी नुकताच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांचे शिक्षक म्हणून गोऱ्हे त्यांच्याबरोबर गेले. संस्कृतचे जगप्रसिद्ध अभ्यासक मॅक्स म्यूलर यांच्याशी त्यांची तेथे ओळख झाली, आणि म्यूलर यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत या काशीच्या पंडिताला आवर्जून स्थान दिले. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशात सर्वत्र शुभवर्तमानातील साधेपणा आणि प्रेम दिसेल, अशी गोऱ्हे यांची अपेक्षा होती. लंडनच्या धावपळीत आणि श्रीमंतीच्या प्रदर्शनात ते त्यांना दिसले नाही, तेव्हा त्यांना अतिशय दुःख झाले. 1855 मध्ये ते मायदेशी परतले. इंग्रज समाजाविषयी भ्रमनिरास झाला तरी ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही. धर्म आणि त्या धर्माचे नाव घेणारा समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्यांच्या मनात पक्के झाले.

काशीत परतल्यानंतर त्यांनी आपली विद्या नव्या कार्यासाठी वापरली. सांख्य, न्याय, वेदांत आदी सहा दर्शनांची चिकित्सा करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ 1860 साली प्रसिद्ध झाला. काशीच्या सरकारी महाविद्यालयात अध्यापन केलेले अमेरिकन संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो 1862 साली कोलकात्यात छापला गेला. ग्रंथातील भूमिका कठोर आहे आणि ती हिंदू वाचकांना मान्य होणे शक्य नव्हते. तथापि, मूळ संस्कृत ग्रंथ समजून घेऊन केलेली मांडणी हे तिचे वैशिष्ट्य होते. ऐकीव माहितीवर टीका करणाऱ्या अनेक परदेशी लेखकांहून ते या बाबतीत वेगळे ठरतात. पुढे ब्राह्मो समाजाच्या अनुयायांना उद्देशूनही त्यांनी पत्ररूपाने लेखन केले. संस्कृत, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चारही भाषांत त्यांनी लिहिले.

गोऱ्हे यांना 1868 मध्ये डीकन आणि 1870 मध्ये धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली. त्यानंतर इंदूर, चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, पुणे आणि मुंबई या भागांत त्यांनी काम केले. अशा रीतीने काशीचा हा पंडित आपल्या पूर्वजांच्या मुलखात परत आला. ऑक्सफर्डजवळील काउली येथे स्थापन झालेल्या संत योहानाच्या संन्यासी संघाकडे ते ओढले गेले. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि प्रार्थना यांवर आधारलेले ते जीवन त्यांना भारतीय संन्यासाच्या आदर्शाजवळचे वाटले. 1876 मध्ये ते या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अंतिम व्रतबंध त्यांनी कधीच घेतला नाही.

याचे कारण त्यांच्या स्वभावात होते. मनात शंका असताना शपथ घेणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. तरुणपणी ज्या अनंत नरकवासाच्या कल्पनेवर त्यांनी आक्षेप घेतला होता, तिने त्यांना उतारवयातही अस्वस्थ केले. आपण योग्य पंथात आहोत ना, आपली श्रद्धा खरी आहे ना, असे प्रश्न ते स्वतःला पुनःपुन्हा विचारीत. अशा काळातही प्रार्थना, उपवास आणि अध्यापन यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. त्यांची चिकाटी निःशंक माणसाची नव्हती. शंकांसह रोज पुन्हा उभे राहणाऱ्या माणसाची ती चिकाटी होती, आणि म्हणूनच संशयाने ग्रासलेली माणसे त्यांच्याकडे विश्वासाने येत.

त्यांची राहणी अत्यंत साधी होती. थोडके अन्न, मोजके कपडे आणि पुस्तके यांपलीकडे त्यांनी स्वतःसाठी फारसे काही ठेवले नाही. सुखवस्तू घरात जन्मलेल्या या विद्वानाने युरोपीय धर्मगुरूंच्या ऐषआरामाचे अनुकरण कधी केले नाही. वैराग्य, नम्रता, क्षमा आणि भक्ती यांची हिंदू समाजाला असलेली ओढ ही ईश्वरानेच करून ठेवलेली पूर्वतयारी आहे, असे मत त्यांनी उत्तरायुष्यात मांडले. हिंदू दर्शनांचे खंडन करणाऱ्या लेखकाने आपल्या जुन्या संस्कारांना दिलेली ही कृतज्ञतेची पावती होती.

पुण्यातील पंचहौद मिशन हे काउली संघाचे केंद्र होते. 1890 साली लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह काही प्रतिष्ठितांनी मिशनऱ्यांसोबत चहा घेतल्यावरून उठलेल्या ग्रामण्यामुळे हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. पुण्यातील याच मिशनच्या वर्तुळातून गोऱ्हे यांचा पंडिता रमाबाईंशी संबंध आला. दोघेही कोकणस्थ ब्राह्मण, दोघेही संस्कृतचे जाणकार आणि दोघेही बालपणी महाराष्ट्राबाहेर वाढलेले. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बौद्धिक शंका दूर होण्यास गोऱ्हे यांचे लेखन व पत्रे कारणीभूत ठरल्याचे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले. रमाबाईंनी केडगाव येथे उभारलेल्या मुक्ती मिशनने दुष्काळात आणि वैधव्यात होरपळलेल्या हजारो स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. ते कार्य सर्वस्वी रमाबाईंचे होते. त्यांच्या विचारांच्या जडणघडणीत मात्र या वृद्ध पंडिताचा वाटा होता.

एलन लक्ष्मी यांचे आयुष्यही अखेर भारताकडे वळले. इंग्लंडमध्ये वाढलेल्या या काशीच्या कन्येने इंग्रजीत भक्तिपर कविता लिहिल्या. 1883 साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. अमेरिकन संगीतकार जॉर्ज स्टेबिन्स यांनी चाल दिलेले त्यांचे एक गीत इंग्रजी भाषक ख्रिस्ती जगात आवडीने गायले जाऊ लागले. त्या 1880 साली मायदेशी परतल्या होत्या. अमृतसर येथे काही काळ सेवा केल्यानंतर 1892 पासून 1900 पर्यंत अलाहाबाद येथील बिशप जॉन्सन अनाथालयाची व्यवस्था त्यांनी पाहिली. जन्मताच आई गमावलेल्या आणि परक्यांच्या घरी वाढलेल्या एलन यांनी अनाथ मुलींचे संगोपन हेच आपले काम मानले. 1937 साली त्यांचे निधन झाले.

फादर गोऱ्हे यांचे 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत वयाच्या सत्तराव्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात मुंबईतच नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला होता. मराठी ख्रिस्ती साहित्याला टिळकांच्या कवितेने जे रूप दिले, ते गोऱ्हे यांना पाहता आले नाही. सी. ई. गार्डनर यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र 1900 साली प्रसिद्ध झाले. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ 1951 साली उज्जैन येथे संपादित होऊन पुन्हा अभ्यासकांसमोर आला. ज्या धर्माचे त्यांनी तरुणपणी समर्थन केले आणि ज्या धर्मासाठी पुढे आयुष्य वेचले, त्या दोन्ही धर्मांचे अभ्यासक आज त्यांचे ग्रंथ वाचतात. काशीच्या गल्लीत त्यांनी विचारलेला ईश्वराच्या दयेविषयीचा प्रश्न त्या दोहोंतही तितकाच जिवंत आहे.