कोणत्या खाटेवर, कोणत्या इमारतीत?

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी बाई, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख बहुतेकांना असते. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून साजरा होतो, तेव्हाही दिवेच लावले जातात. प्रत्यक्षात त्यांचं अर्धं आयुष्य आकड्यांच्या तक्त्यांसमोर गेलं, आणि त्या तक्त्यांनी त्यांना दाखवलेलं सत्य कडू होतं.

जन्म १८२० चा, सुखवस्तू इंग्रज घरातला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या शुश्रूषा शिकल्या. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळ स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातले जखमी आणि आजारी सैनिक तिथे काळ्या समुद्रातून जहाजाने आणले जात. आपल्याकडे द्रुतगती मार्गावरचा जखमी खोपोलीहून पनवेलला, तिथून मुंबईला हलवतात, तसंच काहीसं. फक्त प्रवास कित्येक दिवसांचा. तिथे पोहोचलेले सैनिक मरत ते बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, कॉलरा आणि टायफसने. नाइटिंगेल यांनी स्वच्छ कपडे आणले, चांगलं अन्न आणलं, तरी मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले सुमारे ४२ रुग्ण दगावत होते. इमारतीखाली गटारं तुंबलेली होती आणि वर माणसं खच्चून भरलेली. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारं धुऊन काढली, पाण्याची वाट मोकळी केली. जूनपर्यंत प्रमाण शंभरात दोनवर आलं.

युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी रुग्णालयवार हिशेब मांडला. सर्वाधिक मृत्यू कुठे? स्कुतारीत. म्हणजे ज्या वॉर्डांतून त्या रात्ररात्र फिरल्या, तिथेच. दुसऱ्या कुणी तो तक्ता बासनात गुंडाळला असता. त्यांनी १८५८ मध्ये त्या आकड्यांच्या रंगीत चक्राकृती आकृत्या काढून सत्ताधाऱ्यांच्या हाती दिल्या.

गंमत अशी की, रोग दूषित हवेने पसरतो असं त्या मानत. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजायचा होता. कारण चुकलं, पण जागा बरोबर सापडली. आजही संसर्गनियंत्रण करणारे वॉर्डच्या नकाशावर खाटा, नळ, सिंक मांडतात आणि कोणता रुग्ण कधी कुठे होता ते पाहतात. सिंकच्या निचऱ्यात दडलेला सूडोमोनास अशाच तपासातून सापडू शकतो.

१८५९ च्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात त्यांनी इमारतीचा आराखडाच मांडला: साधारण तीस खाटांचे सुटे वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, खाटांमध्ये मोकळी जागा. मग त्या हिंदुस्थानकडे वळल्या. इथे कधीच आल्या नाहीत; इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या गेल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, बराकीत किती माणसं? १८६३ मध्ये, ज्या वर्षी बोरघाटाची रेल्वे कर्जतहून वर चढली, त्याच वर्षी लष्करी आरोग्याचा तो जाडजूड अहवाल निघाला. पुढे गावांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

दरम्यान घरच्याच अंगणात फटका बसला. सुईणींच्या प्रशिक्षणासाठी त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात चालवलेल्या प्रसूती वॉर्डात बाळंतरोगाने बायका दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद झाला. नाइटिंगेल बहुतेक वेळ अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्याच अवस्थेत त्यांनी प्रसूतिगृहांचे आणि घरच्या बाळंतपणांचे आकडे जमवून शेजारी शेजारी मांडले. घरी बाळंत होणाऱ्या बायका कमी मरत होत्या. हे त्यांनी १८७१ मध्ये पुस्तक काढून छापलं, आपल्या बंद पडलेल्या वॉर्डाच्या हकिकतीसह.