केरूनानांची कोष्टके
निमगाव सावा ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणींच्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांनी टिपलेल्या संकेतांचे गणित संगणक करतो. मात्र त्यासाठी प्रत्येक सूत्र कुणी मुळापासून मांडत बसत नाही. पारखून घेतलेल्या गणिती आज्ञावलींचा तयार साठा हाताशी असतो. अशीच सोय केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये कागदावर केली होती.

१८२५ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झाले आणि पुढे पुण्यात प्राध्यापक झाले. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आणि प्रत्यक्ष आकाशातले ग्रह यांचा मेळ बसेनासा झाला होता. म्हणून त्यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली. मध्यम ग्रह काढायचा, कोष्टकात पाहून संस्कार द्यायचा, बेरीज-वजाबाकी करायची, की झाले! त्रिकोणमितीची सारी उस्तवार नानांनी आधीच उरकून ठेवलेली.

१८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले आणि खरी पंचाईत तिथे झाली. रेवतीचा तारा आरंभस्थान धरल्याने संक्रांत सुमारे चार दिवस आधी येई. ग्रहणाचे गणित मान्य, पण तिळगुळाचा दिवस बदलणे लोकांना रुचेना. आणि गृहिणींचे तरी काय चुकले? शेजारणीचे हळदीकुंकू चार दिवसांनी असेल, तर वाण कधी लुटायचे?

१८८४ मध्ये नाना गेले, तेव्हाही पटवर्धनी पंचांग थोड्याच घरांत होते. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पुढे हाच पक्ष उचलून धरला. टिळक पंचांगातली संक्रांत अजूनही इतरांच्या आधी येते.