गोचिडांवरचा आरोप सिद्ध करणारे डॉक्टर

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या टेक्सासची गुरे उत्तरेकडे हाकत नेली जात. ती स्वतः धडधाकट असत. पण ती चरून गेलेल्या कुरणात काही आठवड्यांनी उत्तरेकडची गुरे तापाने फणफणत, लाल लघवी करत आणि मरत. हे गोचिडांमुळे होते, असा अनेक गुरे पाळणाऱ्यांचा संशय होता. जाणकार तो हसण्यावारी नेत.

थिओबाल्ड स्मिथ यांनी तसे केले नाही. १८५९ मध्ये ऑल्बनी येथे जर्मन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले स्मिथ माणसांचे डॉक्टर झाले. पण १८८४ पासून ते सरकारी कृषी खात्यात जनावरांचे रोग अभ्यासू लागले. पशुवैद्य किलबोर्न यांच्यासह त्यांनी कुंपण घातलेल्या शेतांत प्रयोग मांडले. एका शेतात उत्तरेकडच्या गाईंसोबत गोचीड असलेली दक्षिणेची गुरे ठेवली, दुसऱ्यात हाताने गोचीड वेचून काढलेली. तिसऱ्यात दक्षिणेचे जनावरच नव्हते, फक्त गोचीड सोडले होते. जिथे गोचीड, तिथेच गाई आजारी पडल्या. त्यांच्या तांबड्या पेशींत स्मिथ यांना परजीवी सापडला. जमिनीवर पडलेली मादी अंडी घालते आणि तिची पिल्ले रोग पसरवतात, हेही उलगडले. १८९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. चारच वर्षांनी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला.

गाईचा आणि माणसाचा क्षयजंतू वेगळा असल्याचेही स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखवले. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधामुळे गुरांना आर्सेनिकच्या हौदांतून काढण्याची मोहीम अमेरिकेत राबवली गेली. पण इतर देशांत आर्सेनिकला आणि पुढे नव्या औषधांनाही दाद न देणारे गोचीड निघाले. भारतात डेल्टामेथ्रिनबाबत तेच आढळले आहे. याची तपासणी आजही स्मिथ यांच्याच रीतीने, तुलनेने होते. औषध लावलेल्या कागदी पुड्यांत आणि औषध नसलेल्या पुडीत गोचिडांची पिल्ले २४ तास ठेवून मेलेली मोजतात.

फवारूनही गोचीड मरत नसतील, तर मात्रा मनाने वाढवू नये. गोचीड तगतात, विष मात्र फवारणाऱ्याच्या अंगात आणि दुधात उतरू शकते. अशा वेळी पशुवैद्यांना विचारून औषध बदलावे.