बांकाबाई भोसले

बांकाबाई भोसले (मृत्यू: १८५८) या नागपूरकर भोसले घराण्यातील राजे दुसरे रघुजी यांच्या पत्नी होत्या. पतीच्या निधनानंतर सुमारे चार दशके त्या नागपूरच्या राजवाड्यातील सर्वांत वडीलधाऱ्या आणि प्रभावी व्यक्ती होत्या. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले व त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजघराणे व प्रजा शोकात असताना बांकाबाईंनी घेतलेल्या भूमिकेमुळे विदर्भाच्या इतिहासात त्यांचे नाव ठळकपणे येते.

पार्श्वभूमी

दुसरे रघुजी २२ मार्च १८१६ रोजी मरण पावले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुर्बल असल्यामुळे कारभार कोणी पाहावा याविषयी दरबारात दोन पक्ष पडले. बांकाबाई व धर्माजी भोसले हे एका बाजूस, तर परसोजींचे चुलतबंधू आप्पासाहेब दुसऱ्या बाजूस होते. आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला व मे १८१६ मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृतावस्थेत आढळले आणि आप्पासाहेब गादीवर आले. धर्माजींचीही हत्या झाली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेबांच्या फौजेचा पराभव झाला. पुढील वर्षी त्यांना पदच्युत करून कैदेत नेले जात असता ते वाटेतून निसटले. त्यांच्या बाजूने राज्यात काही ठिकाणी उठाव झाले. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांचा १८१८ मधील उठाव त्यांपैकी एक होय. प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे गाव याच परिसरात असून तो सर्व मुलूख तेव्हा नागपूर राज्यात मोडत असे.

राजप्रतिनिधी

जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या कन्येचा मुलगा बाजीबा गुजर याला परसोजींची विधवा पत्नी दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन तिसरे रघुजी या नावाने गादीवर बसवण्यात आले. राजा अल्पवयीन असल्यामुळे बांकाबाईंना राजप्रतिनिधी नेमण्यात आले. राज्याचा प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स चालवीत असत, तर राजाचे संगोपन व राजवाड्याची व्यवस्था बांकाबाईंकडे होती. १८२६ च्या तहानंतर कारभार टप्प्याटप्प्याने राजाच्या स्वाधीन करण्यात आला.

राजाचे निधन आणि राज्याचे विलीनीकरण

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता व त्यांनी हयातीत दत्तकही घेतले नव्हते. घराण्यातील नातलग यशवंतराव अहेरराव यांनी त्यांचे अंत्यसंस्कार केले. पुढे थोरल्या राणी अन्नपूर्णाबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेऊन त्यांचे नाव जानोजी ठेवले.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हे दत्तकविधान मान्य केले नाही. औरस वारस नसल्यास राज्य कंपनीकडे जाते, असे त्यांचे धोरण होते. रेसिडेंट मॅन्सेल यांना घराण्याविषयी काहीसे उदार धोरण हवे होते आणि कौन्सिलमधील कर्नल जॉन लो यांनी विलीनीकरणास विरोध नोंदवला. तरीही १८५४ मध्ये सुमारे ७६,००० चौरस मैलांचे व ४६ लाखांहून अधिक लोकवस्तीचे हे राज्य खालसा झाले. दत्तक हा हिंदू धर्मशास्त्राने व मराठा राजघराण्यांच्या परंपरेने मान्य केलेला वारस असल्यामुळे या निर्णयाने राजाच्या मृत्यूच्या दुःखात अन्यायाच्या भावनेची भर पडली.

राजवाड्यातील संपत्तीचा लिलाव

विलीनीकरणानंतर कंपनीने भोसल्यांची जंगम मालमत्ता ताब्यात घेतली. राजघराण्याचे हत्ती, घोडे व बैल सीताबर्डी येथे अल्प किमतीत विकले गेले आणि बहुतेक जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास पाठवण्यात आले. राजवाड्यातील सामान हलवले जाऊ लागल्यावर शहरात लोकांचा जमाव जमून गडबड झाली. वृद्ध बांकाबाईंनी सामान हलवल्यास राजवाड्याला आग लावण्याची धमकी दिली. तथापि सामान नेण्यात आलेच. १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिणारे जॉन विल्यम के यांनी या प्रसंगाची नोंद सहानुभूतीने केली आहे.

यानंतर घराण्याने अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. दत्तकास मान्यता मिळावी म्हणून कलकत्त्यास अर्ज करण्यात आले व लंडनलाही वकील पाठवण्यात आले. त्यांना यश आले नाही. नोव्हेंबर १८५५ मध्ये अन्नपूर्णाबाईंचे निधन झाल्यावर घराण्याची जबाबदारी मुख्यतः बांकाबाईंवर राहिली.

१८५७ चा उठाव

१३ जून १८५७ च्या रात्री नागपूरजवळील टाकळी येथील घोडदळाने उठावाचा बेत केला होता; तो आधीच उघडकीस आल्याने फसला. राजघराण्याच्या नावाने लोक उठतील अशी भीती कमिशनर प्लाउडन यांच्या प्रशासनास होती. बांकाबाईंनी मात्र उठावास पाठिंबा दिला नाही व आपल्या नातलगांना आणि आश्रितांना त्यात न पडण्याची ताकीद दिली. नागपूर शांत राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. ज्या सत्तेने राज्य व संपत्ती हिरावली तिलाच यामुळे ऐन संकटात साहाय्य झाले. दुसरीकडे, सीताबर्डीचा पराभव व त्याचे परिणाम बांकाबाईंनी स्वतः पाहिले होते आणि जानोजींचे भवितव्य कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते.

मृत्यू व नंतरचा काळ

बांकाबाई १८५८ मध्ये मरण पावल्या. त्यानंतर लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकिर्दीत जानोजींचे दत्तकविधान मान्य होऊन त्यांना सातारा जिल्ह्यातील देऊर येथील जहागिरीसह राजाबहादूर हा किताब मिळाला. राज्य मात्र परत मिळाले नाही. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख नव्याने स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. महाल भागातील भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत नष्ट झाला. त्याचा नगारखाना शिल्लक राहिला.