जिन्यावरचा नर्तक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचे शहर आहे. तेथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात २५ मे १८७८ रोजी बिल रॉबिन्सनचा जन्म झाला. गुलामगिरीची प्रथा १८६५ मध्ये कायद्याने बंद झाली होती. तरी गोऱ्या लोकांच्या मनातील भेदभाव मात्र गेला नव्हता. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळासुद्धा वेगळ्या असत. बिल लहान असतानाच त्याचे आईवडील वारले. पूर्वी गुलामगिरीत दिवस काढलेल्या आजीने त्याचा सांभाळ केला.

घरी दारिद्र्य होते. म्हणून बिल अगदी लहानपणीच रस्त्यावर नाचू लागला. येणारेजाणारे त्याच्यापुढे नाणी टाकीत. त्याच्याजवळ वाद्ये नव्हती. पण त्याची पावलेच वाद्यासारखी वाजत. या नृत्याला टॅप नृत्य म्हणतात. त्यात नर्तक बुटांच्या टाचा आणि चवडे जमिनीवर आपटून ताल धरतो. पूर्वीचे पुष्कळ नर्तक सारे पाऊल जमिनीवर टेकवून नाचत. रॉबिन्सन मात्र ताठ उभा राहून चवड्यांवर हलकेच नाचे. त्याच्या बुटांचे तळवे लाकडी असत. त्यामुळे प्रत्येक ठोका स्वच्छ आणि निराळा ऐकू येई.

त्या काळी अमेरिकेतील नाट्यगृहांत गाणी, नाच, नकला आणि कसरती यांचे खेळ एकापाठोपाठ एक होत. तेथे एक अन्यायाचा रिवाज होता. कृष्णवर्णीय कलावंताला एकट्याने रंगमंचावर येऊ देत नसत. निदान दोघांनी मिळूनच यावे लागे. शिवाय गोऱ्या प्रेक्षकांना हसविण्यासाठी अनेक कृष्णवर्णीय कलावंतांना तोंडाला काळा रंग फासावा लागे. रॉबिन्सनने १९०२ पासून कूपर नावाच्या जोडीदाराबरोबर बरीच वर्षे काम केले. पण तोंडाला रंग फासला नाही. पुढे तो एकटाच रंगमंचावर उभा राहिला आणि आपल्या कलेच्या बळावर त्याने तो रिवाज मोडला.

पायऱ्यांवरील नृत्य ही त्याची खास करामत होती. रंगमंचावर एक लहानसा जिना ठेवीत. रॉबिन्सन नाचत नाचत तो चढे आणि उतरे. प्रत्येक पायरीवर त्याची पावले वेगळा नाद काढीत. ते पाहताना लोक देहभान विसरत. १९२८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याने मोठे यश मिळविले. त्यानंतर चित्रपटसृष्टीनेही त्याला बोलाविले.

१९३५ मध्ये ‘द लिटल कर्नल’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात शर्ली टेंपल नावाची चिमुरडी बालनटी होती. चित्रपटात ती झोपायला जाण्यास तयार नसते. तेव्हा नोकराचे काम करणारा रॉबिन्सन तिला पायऱ्यांवर नाचून दाखवितो आणि तिचा हात धरून नाचतच वर नेतो. वृद्धत्वाकडे झुकलेला नर्तक आणि ती लहानगी यांचे हे नृत्य अत्यंत गाजले. परंतु कृष्णवर्णीय पुरुषाने गोऱ्या मुलीचा हात धरावा, हे दक्षिणेकडील राज्यांतील अनेकांना खपले नाही. तेथे चित्रपटातील तेवढा भाग कापून टाकण्यात आला. त्या दोघांचा स्नेह मात्र कोणालाही कापता आला नाही; तो अखेरपर्यंत टिकला.

एवढा थोर कलावंत असूनही त्याला बहुधा नोकराचीच कामे मिळत. अशी कामे पत्करल्याबद्दल त्याच्या स्वतःच्या समाजातील काहीजण त्याला दोषही देत. अखेर १९४३ मध्ये ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटात त्याला नायकाची भूमिका मिळाली. तेव्हा त्याचे वय पासष्ट वर्षांचे होते. पण पावलांतील चापल्य तिळभरही कमी झाले नव्हते.

रॉबिन्सनने पुष्कळ पैसा मिळविला. काही जुगारात घालविला आणि बराचसा गरजूंना सढळ हाताने वाटला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्यापाशी जवळजवळ काहीच उरले नव्हते. तरीही त्याच्या अंत्यदर्शनासाठी हजारो लोक लोटले. त्याचा जन्मदिवस ‘राष्ट्रीय टॅप नृत्य दिन’ म्हणून पाळावा, असे अमेरिकेच्या संसदेने १९८९ मध्ये ठरविले.

त्याच्या दातृत्वाची एक खूण रिचमंडमध्ये राहिली. १९३३ मध्ये तो आपल्या जन्मगावी गेला होता. एका गजबजलेल्या चौकात दोन मुले जीव मुठीत धरून रस्ता ओलांडताना त्याला दिसली. तेथे वाहने थांबविणारा दिवा नव्हता. रॉबिन्सनने स्वतःच्या पदरचे पैसे देऊन तो बसवून घेतला. १९७३ मध्ये त्याच चौकाजवळ त्याचा पुतळा उभारण्यात आला. ज्या गावात तो नाण्यांसाठी रस्त्यावर नाचला, त्याच गावात तो आता सन्मानाने उभा आहे आणि पुतळ्यातही पायऱ्यांवर नाचतोच आहे.